सिरॅमिकचा भाग भट्टीत तडकतो, पण चूक साच्यात झालेली असते

भोसरी-चाकणच्या प्लास्टिक मोल्डिंग शॉपमध्ये भागावर खड्डा, म्हणजे सिंक मार्क दिसला की ऑपरेटर आधी काय करतो? होल्डिंग प्रेशर वाढवतो. बहुतेक वेळा काम होऊनही जातं. सिरॅमिकच्या मोल्डिंगमध्ये मात्र हीच सवय महागात पडू शकते.

वाहनांमध्ये सिरॅमिक नवं नाही. स्पार्क प्लगचा पांढरा इन्सुलेटर अ‍ॅल्युमिनाचा असतो. असे साधे गोल भाग सहसा पावडर दाबून बनवतात. पण भाग छोटा आणि गुंतागुंतीचा असेल, तर इंजेक्शन मोल्डिंग सोयीचं पडतं.

प्रक्रिया कशी चालते?

सिरॅमिक पावडरीत मेण आणि पॉलिमर मिसळून ते गरम मिश्रण दाबाने साच्यात भरतात. थंड झालेल्या कच्च्या भागातून मेण-पॉलिमर हळूहळू काढून टाकतात आणि मग भाग भट्टीत भाजतात. अ‍ॅल्युमिनासाठी तापमान साधारण १६०० अंश सेल्सिअस लागतं. मिश्रणात आकारमानाने ५८ टक्के पावडर असेल, तर ६० मिलिमीटरचा भाग आटून सुमारे ५० मिलिमीटरचा होतो. एवढं आटताना आत लपलेला लहानसा दोषही उघडा पडतो.

दाब किती, किती वेळ?

थंड होताना मिश्रण आकसतं. दाब कमी पडला, तर जाड भागात पोकळी राहते. दाब जास्त झाला, तर गेटजवळ माल ठासून भरतो आणि ताण आत अडकतो. साचा उघडताना किंवा मेण काढताना तो ताण सुटतो आणि तडा जातो. शिवाय गेट गोठल्यावर दिलेला दाब आत पोहोचतच नाही. म्हणून होल्डिंग टाइम थोडा थोडा वाढवत प्रत्येक भागाचं वजन करायचं. वजन वाढायचं थांबलं, म्हणजे गेट गोठलं. त्यापुढचा वेळ वायाच.

थंड करण्याची घाई

हे मिश्रण प्लास्टिकपेक्षा उष्णता लवकर सोडतं. साचा फार गार असेल, तर दोन बाजूंनी आलेले प्रवाह नीट जुळत नाहीत. बाहेरची साल आधी घट्ट होते, गाभा मागाहून आकसतो आणि आत पोकळी किंवा चीर पडते. साचा फार गरम ठेवला, तर भाग मऊ राहतो आणि बाहेर काढताना वाकतो. भिंतींची जाडी शक्य तितकी सारखी ठेवली, की निम्मी डोकेदुखी डिझाइनमध्येच कमी होते.

हे सगळं आधीच का तपासायचं? कच्चा भाग खराब निघाला तर दळून पुन्हा वापरता येतो. भाजलेला भाग थेट भंगारात जातो, आणि त्याच्यासोबत भट्टीचे कित्येक तासही. म्हणून रिजेक्शन वाढलं की भट्टीवर खापर फोडण्याआधी मोल्डिंग मशीनजवळचे दोन-चार कच्चे भाग वजन करून, कापून बघा.