तारेचे टोक सांभाळा



निफाड-दिंडोरीकडच्या एखाद्या द्राक्षबागेत विहिरीवरची स्टार्टरची पेटी उघडून पाहा. पुष्कळ ठिकाणी तार सोलून, पिळा देऊन तशीच नटाभोवती गुंडाळलेली दिसते. एखाद्या टोकाचे आवरण काळे पडलेले असते. मोटार जळाली की आपण म्हणतो, ‘मोटारच खराब निघाली.’ पण कित्येकदा दोष मोटारीचा नसतो, तारेच्या टोकाचा असतो. त्या टोकाला जो लग बसवतात, कोणी त्याला थिंबल म्हणतात, त्याविषयी आज बोलू या.

लग म्हणजे धातूचा एक लहानसा तुकडा. एका बाजूला नळी, दुसऱ्या बाजूला भोक असलेले चपटे पान. नळीत तार दाबून बसवायची आणि पान बोल्टाखाली आवळायचे. एवढ्याशा तुकड्याचे एवढे महत्त्व कशाला? तर गुंडाळलेली तार नटाखाली दोन-चार ठिकाणीच टेकते. तेथे विजेला अडथळा होतो आणि उष्णता निर्माण होते.

गुरुजींनी हे गणित फळ्यावर मांडावे. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे उष्णतेचे वॅट. 10 अश्वशक्तीची तीन फेजची मोटार साधारण 15 अँपिअर घेते. ढिल्या सांध्याचा रोध नुसता 0.1 ओहम धरा. 15 × 15 × 0.1 म्हणजे 22.5 वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डाग देण्याची लहान इस्त्री 25 वॅटची असते. म्हणजे रात्रपाळीची वीज आली की आपण त्या पेटीत जणू तापलेली इस्त्रीच ठेवतो! सांधा तापला की सैल होतो आणि सैल झाला की आणखी तापतो. शेवटी एक फेज तुटते. मोटार उरलेल्या दोन फेजवर ओढत राहते, त्यांतला प्रवाह फार वाढतो आणि वाइंडिंग जळते.

आता लग निवडायचा कसा? तीन गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट धातू. तांब्याच्या तारेला तांब्याचा लग. नाशिकच्या तांब्यापितळेच्या भांड्यांना आपण कल्हई का करतो, ते ठाऊक आहेच. तसाच कथलाचा पातळ थर चांगल्या लगावर असतो, म्हणून तो लवकर काळवंडत नाही. ॲल्युमिनियमच्या तारेला ॲल्युमिनियमचा लग हवा. तांबे आणि ॲल्युमिनियम थेट एकमेकांना लावले, तर ओलाव्यात ॲल्युमिनियम झिजते. जोडायचीच वेळ आली तर दोन्ही धातूंचा तयार लग मिळतो, तो वापरावा.

दुसरी गोष्ट माप. ते तारेच्या छेदाच्या चौरस मिलिमीटरमध्ये असते. 0.85 मिलिमीटर व्यासाच्या 7 तारा एकत्र असल्या तर छेद सुमारे 4 चौरस मिलिमीटर होतो. मुलांकडून हे करून घ्यावे. लग लहान पडतो म्हणून दोन तारा छाटू नका आणि मोठ्या लगात तार दुमडून कोंबू नका.

तिसरी गोष्ट भोक. ते बोल्टाला बेताचे हवे. सैल भोकात पान पुरते टेकत नाही.

बसवण्याचे काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्यावे, पण आपण उभे राहून पाहावे. आधी मेन स्विच बंद, फ्यूज काढून आपल्या खिशात, मग टेस्टरने खात्री. तार नळीच्या खोलीइतकीच सोलायची, आतल्या तारांना काप जाऊ द्यायचा नाही. नळी दाबायला त्या मापाची क्रिंपिंगची पक्कड हवी. हातोड्याने ठोकलेला लग वरून बसलेला दिसतो, आत मात्र पोकळ राहतो. दाबल्यावर तार जोराने ओढून पाहा. हलली तर लग कापून टाका आणि नवा लावा. बोल्ट आवळताना लगाचे पान जोडाच्या पृष्ठावर थेट टेकले पाहिजे. वायसर त्याच्या वर, मधे नव्हे.

एक गोष्ट शेवटी मुद्दाम सांगतो. फेजचा सांधा बिघडला तर वास येतो, आवरण काळे पडते, मोटार गुरगुरते. अर्थिंगच्या तारेचा सांधा सुटला तर काहीच होत नाही. मोटार छान चालते, पाणी पडते. पण ज्या दिवशी मोटारीच्या अंगात वीज उतरते, त्या दिवशी ओल्या पायाने तिला हात लावणाऱ्या माणसाला वाचवणारे काही उरत नाही. म्हणून ऑक्टोबर छाटणीच्या आधी, मेन बंद करवून, सगळे सांधे तपासून घ्या आणि सुरुवात अर्थिंगच्या लगापासून करा. मोटार पुन्हा भरून मिळते, घरचा माणूस मिळत नाही.