‘राइट ऑफ’ म्हणजे माफी नव्हे



गटाच्या बैठकीत कधी कानावर येतं, “बँकेनं माझं कर्ज राइट ऑफ केलं. सुटले बाई!” असं ऐकलं की आम्हाला काळजीच वाटते. म्हणून आज हा एकच इंग्रजी शब्द नीट समजून घेऊया.

‘राइट’ म्हणजे लिहिणं. त्याला ‘ऑफ’ जोडला की अर्थ बदलतो. येणं असलेली रक्कम बुडाली असं धरून ती हिशेबात तोटा म्हणून दाखवायची, याला राइट ऑफ म्हणतात. बँकेच्या मराठी कागदावर ‘निर्लेखित’ असं लिहिलेलं असतं. आपल्या बोलीत, बुडीत खाती टाकलं.

हप्ता 90 दिवसांपेक्षा जास्त थकला की बँक ते कर्ज एनपीए, म्हणजे अनुत्पादक, धरते. पुढेही पैसे आले नाहीत, तर ते राइट ऑफ करू शकते. पण ही झाली बँकेच्या वहीतली नोंद. आपलं देणं तसंच राहतं. बँक वसुलीला येऊ शकते, कोर्टातही जाऊ शकते. सिबिलच्या अहवालात ‘रिटन ऑफ’ असा शेरा येतो, आणि नवं कर्ज मिळणं अवघड होतं.

माफीसाठी इंग्रजीत वेगळा शब्द आहे, ‘वेव्ह’. महाराष्ट्र सरकारनं 2017 आणि 2019 साली शेतकऱ्यांसाठी कर्जमाफी जाहीर केली. त्यात पात्र शेतकऱ्यांच्या कर्जाचे पैसे सरकारनं बँकेला दिले. पण बोलताना आपण ‘वेव्ह ऑफ’ म्हणतो, आणि ‘राइट ऑफ’ही तसंच वाटतं. घोटाळा होतो तो इथेच.

मग करायचं काय? बँकेत जाऊन, “माझ्या नावावर किती बाकी आहे?” हे लेखी विचारायचं. कर्ज फेडलं की ‘नो ड्यूज’ दाखला मागून घ्यायचा. सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तोही तपासायचा.

जाता जाता एक. हा शब्द माणसांसाठीही वापरतात. एखादीला राइट ऑफ करणं म्हणजे ‘हिच्याकडून आता काही होणार नाही’ म्हणून तिला मोडीत काढणं. आजारपणात हप्ता थकलेल्या मैत्रिणीचं असं करू नका. तिच्यासोबत बँकेत जा.