गादीवरचा कॉम्प्युटर आणि मानेचे दुखणे

कापडाच्या पेढीवर पूर्वी मुनीमजी मांडी घालून बसत. पाठीला लोड आणि पुढ्यात उतरत्या झाकणाची बैठी मेज असे. वही त्या उतारावर असल्याने मान कमी वाकवावी लागे. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि लहान दुकानांतही बिले व हिशेब कॉम्प्युटरवर होऊ लागले. वही गेली, तिच्याबरोबर मेजही गेली. आता लॅपटॉप थेट गादीवर ठेवून आपण त्यावर ओणवे होतो आणि मान धरली की मलम शोधतो.

माणसाचे डोके साधारण पाच किलोचे असते. ते खांद्यांच्या रेषेत असले की पाठीचा कणा ते सहज पेलतो. पुढे झुकले की मानेच्या स्नायूंवर ताण वाढतो. कापडाचे थान छातीशी धरणे आणि हात लांबवून धरणे यात जो फरक, तोच येथे आहे. शिलाई व जरीकामाच्या कारागिरांना हे दुखणे नवे नाही.

यावर इलाज असा, की आपण वाकण्याऐवजी पडदाच वर आणावा. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत किंवा किंचित खाली आणि अंतर हातभर असावे. लॅपटॉप उंचावर ठेवल्यास कीबोर्ड व माउस वेगळा घ्यावा. कोपर काटकोनात आणि मनगट सरळ राहिले पाहिजे. गादीवरच बसायचे असेल तर लोड आणि बैठी मेज परत आणावी. काउंटरच्या उंच स्टुलावर पाय लोंबकळत असतील तर पायांखाली पाट द्यावा. पाठ टेकता येईल अशी खुर्ची असल्यास उत्तम. कमरेमागे गुंडाळलेला टॉवेलही चालतो.

बैठक कितीही चांगली असली तरी अर्ध्या तासाने उठावे, चार पावले चालावे. अंगठा व शेजारच्या बोटांना वारंवार मुंग्या येणे, पकड ढिली पडणे किंवा दुखणे हातापायांत उतरणे, असे होत असेल तर मालिशवर न थांबता डॉक्टरांना दाखवावे.

शेवटी मालकांसाठी एक बाब. बिले करणाऱ्या मुलाच्या वाट्याला बहुधा दुकानातील सर्वांत वाईट जागा येते आणि नोकरीच्या भीतीने तो तक्रार करीत नाही. एक दिवस आपण स्वतः त्याच्या जागी तासभर बसून पाहावे. खुर्चीचा खर्च मग जड वाटणार नाही.