अपुऱ्या खेळाचे पुरते दाम

मागावर चढवलेली पैठणी एका दिवसात उतरत नाही, हे पैठणकरांना सांगायला नको. पदरावरचे मोर, मुनिया आणि असावली जितकी दाट, तितके आठवडे लागतात. कधी महिनेही जातात. मागणी नोंदवून साडी विणून घेणारे गिऱ्हाईक आधी विसार देते आणि उरलेली रक्कम साडी हाती आल्यावर चुकती करते. विणकराला रेशीम-जरीपुरता पैसा मिळतो आणि गिऱ्हाइकाच्या हाती धरून ठेवायला काही तरी राहते.

आता समजा, माग चालू असतानाच कोणी पुरती किंमत मागितली, तर? संगणकावरच्या खेळांच्या बाजारात आज हेच चालते. आपल्या घरातली आणि शाळेतली मुले त्या बाजारात जात असतात, म्हणून हा विषय.

हे खेळ आता बहुतेक इंटरनेटवरूनच विकले जातात. 'स्टीम' ही त्यांची एक मोठी पेढी. मार्च २०१३ मध्ये तिने 'अर्ली ॲक्सेस' नावाची सोय काढली. खेळ अजून अपुरा आहे असे उघड सांगायचे, आणि तरीही तो विकायचा. या सोयीचा चांगला उपयोग 'रोगलाइक' खेळांनी करून घेतला. नावातला 'रोग' म्हणजे आजार नव्हे, बरं का! इंग्रजीत त्याचा अर्थ लबाड, भटक्या. १९८० च्या सुमारास मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांनी 'रोग' नावाचा खेळ रचला, आणि त्याच्या वळणाचे ते रोगलाइक. खेळाडू तळघरात उतरतो. तळघराची रचना दर डावाला नवी, आणि मेला की पुन्हा पहिल्यापासून. परंपरेने ज्ञानेश्वर माउलींच्या नावावर असलेला मोक्षपट आठवा. सापाने गिळले की सोंगटी खाली येते. इथे तर साप कुठे बसला आहे, हेही दर डावाला बदलते.

असे खेळ पुष्कळदा दोन-चार माणसे, कधी एकटाच माणूस, स्वतःच्या हिमतीवर करतात. त्यांना 'इंडी' म्हणतात. त्यांच्यामागे मोठी कंपनी नसते. मग अपुऱ्या मालाचे पैसे घेणे न्याय्य आहे काय?

एका बाजूने पाहिले, तर आहे. अपुरी पैठणी नेसता येत नाही. अपुरा रोगलाइक मात्र खेळता येतो, कारण त्याचा प्रत्येक डाव स्वतंत्र असतो. शिवाय आधी घेणाऱ्याला तो स्वस्त पडू शकतो. 'स्ले द स्पायर' हा खेळ नोव्हेंबर २०१७ मध्ये अपुरा असताना सुमारे १६ डॉलरला होता; जानेवारी २०१९ मध्ये पुरा झाला, तेव्हा सुमारे २५ डॉलरला. 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स' डिसेंबर २०२१ मध्ये सुमारे ३ डॉलरला निघाला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पुरा झाल्यावर ५ डॉलरला गेला. आधीचे गिऱ्हाईक जोखीम घेते, खेळातल्या चुका कळवते, आणि म्हणून कमी देते. हा हिशेब सरळ आहे.

पण दुसरी बाजूही आहे. 'स्पेसबेस डीएफ-९' हा अंतराळतळ उभारण्याचा खेळ (तो रोगलाइक नव्हे) ऑक्टोबर २०१३ मध्ये असाच विक्रीला आला. पुढे काय काय येणार, याची लांब यादी होती. वर्षभराने कंपनीने काम थांबवले आणि यादीतले पुष्कळसे राहून गेलेले असतानाच खेळ पुरा झाल्याचे जाहीर केले. गिऱ्हाइकाने करायचे काय? पैसे तर पहिल्याच दिवशी पुरते दिलेले!

फरक आहे तो इथेच. विसार हा किमतीचा एक भाग असतो. उरलेल्या रकमेसाठी विणकराला काम पुरे करावे लागते. खेळात असे उरलेले काहीच नसते. स्टीमवर साधारणपणे खरेदीपासून १४ दिवसांत, आणि खेळ २ तासांहून कमी खेळलेला असेल तर, पैसे परत मिळतात. २ तासांत खेळाचा स्वभाव कळतो. त्याची खोली कळत नाही.

तेव्हा माझे मत असे : खेळ आज जेवढा आहे तेवढ्याचीच किंमत द्यावी; उद्याच्या वचनाला दाम देऊ नये. आज जे हाती आहे ते आवडत नसेल तर थांबा, असे ती पेढीसुद्धा अशा खेळांच्या पानावर लिहून ठेवते. पण ती ओळ वाचतो कोण?

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी वर्गात हा विषय जरूर काढावा. मुलांना तीन प्रश्न विचारायला लावावेत. खेळात आज काय आहे? कर्त्याने गेल्या काही महिन्यांत खरोखर किती भर घातली? आणि काम उद्याच थांबले, तर दिलेल्या पैशांचे वाईट वाटेल का? तिसऱ्याचे उत्तर 'नाही' आले, तर किंमत रास्त समजावी. 'हो' आले, तर पैसे खिशात ठेवून खेळ पुरा होण्याची वाट पाहावी. चांगला कारागीर थांबलेल्या गिऱ्हाइकावर रागावत नाही.