देवदाराचे इंग्रजी भाऊबंद : निष्ठा आणि सोशिकता सांगणाऱ्या शब्दांची मुळे

इंग्रजीतील ‘ट्रू’ या शब्दाचा आजचा ठळक अर्थ ‘खरे’ असला, तरी जुन्या इंग्रजीत तो आधी ‘एकनिष्ठ’, ‘दिल्या शब्दाला जागणारा’ या अर्थाने येई. ‘ट्रूथ’ म्हणजे तेव्हा मुख्यतः वचन पाळण्याचा गुण. वस्तुस्थितीशी जुळणारे ते ट्रू, हा अर्थ मध्ययुगात रुळला. माणसाचा खरेपणा आधी आला, विधानाचा नंतर. ‘शब्दाचा खरा’ म्हणताना मराठीही खरेपणा माणसालाच लावते. युद्धविरामाला म्हणतात तो ‘ट्रूस’ याच कुळातला. मुळात तो ‘वचने’ असा अनेकवचनी शब्द होता.

‘ट्रू’चे नाते ‘ट्री’ म्हणजे झाडाशी जोडले जाते. संस्कृतातील ‘दारु’ म्हणजे लाकूड आणि ‘द्रुम’ म्हणजे वृक्ष हे त्याच मुळाचे. मराठीतल्या देवदारात आणि दारुहळदीत ते आजही आहे. मूळ ‘द’चा इंग्रजीत ‘ट’ होतो, जसे ‘दश’ आणि ‘टेन’, ‘द्वि’ आणि ‘टू’. असे ध्वनिबदल नियमाने होतात, हे जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये सविस्तर मांडले. निष्ठावान माणूस झाडासारखा घट्ट, असा ‘ट्रू’चा अर्थ सहसा लावला जातो. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ एमिल बाँव्हनिस्त यांनी मात्र क्रम उलटा लावला : मुळाचा अर्थच ‘घट्ट’, आणि त्या घट्टपणावरून झाडाला नाव मिळाले. त्यांचे म्हणणे अधिक पटते, कारण त्या मुळाच्या कितीतरी शब्दांत झाड कुठेच नाही, दृढपणा तेवढा आहे.

१०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि दरबारात, न्यायालयात फ्रेंच आली, आणि तिच्याबरोबर निष्ठेचे नवे शब्दही. ‘लॉयल’ आणि ‘लीगल’ हे दोन्ही लॅटिनमधल्या एकाच शब्दाचे वंशज : पहिला फ्रेंचमधून घडून आलेला, दुसरा पोथीतल्या लॅटिनच्या जवळ राहिलेला. म्हणजे लॉयल माणूस मुळात कायद्याने बांधलेला होता. ‘फेथ’ लॅटिन ‘फिदेस’ म्हणजे विश्वास या शब्दावरून आला. त्याच्या जुन्या फ्रेंच रूपातले अखेरचे व्यंजन फ्रेंचमध्ये पुढे गळून ‘फ्वा’ एवढेच उरले. इंग्रजीने ते जपले. कचेरीतल्या ‘अॅफिडेव्हिट’मध्येही हाच फिदेस आहे.

‘अबाइड’ म्हणजे टिकून राहणे, वाट पाहणे. त्याचे मूळही फिदेसच्याच मुळाशी जोडले जाते. विश्वास आणि वाट पाहणे येथे एकत्र येतात, आणि निष्ठेचे शब्द सोशिकतेच्या शब्दांना भेटतात.

सोसण्याचे शब्द बहुतेक ओझ्याचे आहेत. ‘बेअर’ म्हणजे संस्कृत ‘भर’, ‘भार’. ‘टॉलरेट’चे लॅटिन मूळ उचलण्याचे, आणि ‘तुला’, ‘तोलणे’ त्याच गोत्राचे. जुन्या इंग्रजीत याच मुळाचा सोसण्यासाठीचा देशी शब्द होता. तो ‘थोल’ या रूपाने स्कॉटलंडमध्ये अजून बोलला जातो. ‘एन्ड्युअर’ मात्र लॅटिनमधल्या ‘कठीण करणे’ या क्रियापदापासून आला. ‘पेशन्स’ आणि दवाखान्यातला ‘पेशंट’ हे दोन्ही ‘सोसणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाचे.

उभे राहण्याचे कुळ सर्वांत मोठे. ‘स्टेडफास्ट’ म्हणजे ज्याची जागा पक्की तो. ९९१ मध्ये एसेक्समधील मॉल्डन येथे व्हायकिंगांनी इंग्रज सैन्याचा पराभव केला. त्या लढाईवरच्या जुन्या इंग्रजी काव्यात पाय रोवून उभ्या राहिलेल्या सैनिकांसाठी हाच शब्द आहे. ‘कॉन्स्टंट’ लॅटिनमधून आला. या दोन्हींचे मूळ संस्कृतात ‘स्था’ असे दिसते, आणि ‘नि’ उपसर्ग लागून त्याच ‘स्था’पासून ‘निष्ठा’ हा शब्द झाला.

मराठीत घरोघरी पोहोचलेला ‘स्टॅमिना’ही याच कुळातला. लॅटिनमध्ये ‘स्टामेन’ म्हणजे मागावरचा ताणा, आणि ‘स्टामिना’ हे त्याचे अनेकवचन. रोमनांच्या जुन्या उभ्या मागावर ताण्याचे धागे वरून खाली ताठ उभे असत, म्हणून हे नाव. दैवाच्या देवता माणसाच्या आयुष्याचा जो धागा कातत, त्यालाही हाच शब्द होता. फुलातल्या पुंकेसराला इंग्रजीत ‘स्टेमन’ म्हणतात तेही या धाग्यावरूनच. जन्मतः मिळालेले आयुष्याचे धागे, त्यांवरून अंगचा जोम आणि मग दमसास, असा हा अर्थ १८व्या शतकाच्या आसपास सरकत गेला.