यांत्रिक अभियंत्याची पात्रता

मुंबईहून हावड्यास जाणारी गाडी नागपूर, गोंदिया, राजनांदगाव मागे टाकून दुर्गच्या पुढे आली, की भिलाईच्या पोलाद कारखान्याची धुराडी दिसू लागतात. ज्या रुळांवरून आपण जात असतो, त्यांपैकी बरेचसे रूळ याच कारखान्यात लाटलेले असतात. या गावात, आणि महाराष्ट्रातील अनेक घरांतही, एक प्रश्न नेहमी कानी पडतो : मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर झाला, मुलगी मेकॅनिकल इंजिनिअर झाली, आता सरकारी नोकरीस पात्र झाली ना?

या प्रश्नातील 'पात्र' हा शब्द मोठा फसवा आहे. सरकारी भाषेत जिला अर्हता म्हणतात ती एक गोष्ट. अनेक अर्हताधारकांतून होणारी निवड ही दुसरी. आणि यंत्रासमोर उभे राहून ते चालते ठेवण्याची लायकी ही तिसरी. तिन्हींची गल्लत झाली, म्हणजे घरात अकारण आनंद तरी होतो किंवा अकारण निराशा तरी पसरते.

भिलाईचाच इतिहास पाहावा. सोव्हिएट रशियाशी या कारखान्याचा करार झाला 2 फेब्रुवारी 1955 रोजी. त्या वेळी दुर्ग जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्यप्रदेशात होता. विदर्भ त्या राज्यातून निघाला तो 1 नोव्हेंबर 1956 रोजी. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते 4 फेब्रुवारी 1959 रोजी झाले. मधल्या चार वर्षांत ज्या तरुण अभियंत्यांची भरती झाली, त्यांच्यापाशी पदवी होती. परंतु त्यांपैकी बहुतेकांनी झोतभट्टी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. ती पाहावयास मिळणार तरी कोठे? जमशेदपूर, बर्नपूर, भद्रावती अशी मोजकी ठिकाणे सोडली, तर देशात पोलादाचे मोठे कारखानेच नव्हते. तेव्हा शेकडो अभियंत्यांना सोव्हिएट रशियातील कारखान्यांत शिकावयास धाडण्यात आले, आणि कामगारांसाठी भिलाईतच प्रशिक्षणसंस्था उघडण्यात आली. अर्हता आधी आणि लायकी मागाहून, असा तो क्रम होता. जागा पुष्कळ आणि पदवीधर थोडे, म्हणून मधली निवडीची पायरी त्या पिढीस फारशी जाचली नाही. आज तराजूचे पारडे नेमके उलटे झुकले आहे. सध्याच्या परीक्षांचा बराचसा हेतू माणसे निवडण्यापेक्षा माणसे गाळण्याचा आहे, असे म्हटले तर ते फारसे चूक ठरणार नाही.

येथे आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. भिलाईचा कारखाना सरकारच्या मालकीचा असला, तरी त्यातील अभियंता काटेकोर अर्थाने सरकारी सेवक नव्हे. तो कंपनीचा नोकर आहे. आधी हिंदुस्थान स्टीलचा आणि 1973 साली 'स्टील अथॉरिटी ऑफ इंडिया', म्हणजे 'सेल', स्थापन झाल्यानंतर पुढे त्या कंपनीचा. उलट सीमा सडक संघटना, केंद्रीय जल आयोग, संरक्षण खात्याच्या तांत्रिक सेवा येथील अभियंता हा केंद्र सरकारचा सेवक असतो. उमेदवाराच्या दृष्टीने हा भेद केवळ शब्दांचा नाही. सरकारी खात्यांतील वरिष्ठ जागा केंद्रीय लोकसेवा आयोग भरतो व त्याचे नियम सर्वांस एकच असतात. कंपनी मात्र आपले नियम आपण ठरविते. सेलच्या अलीकडच्या जाहिरातींत खुल्या वर्गातील उमेदवारास पदवीला सरासरी 65 टक्के गुण असावेत व वय 28 वर्षांहून अधिक नसावे, अशी अट आढळते. आयोगाच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेस टक्केवारीची अशी अटच नाही. वय मात्र 21 पूर्ण व 30च्या आत हवे, आणि अनुसूचित जाती-जमाती व इतर मागास वर्ग यांना त्यात सवलत आहे. म्हणजे पदवीस 58 टक्के मिळविलेला खुल्या वर्गातील तरुण ज्या कंपनीच्या दारातून परत फिरेल, तोच भारत सरकारच्या प्रथम वर्गाच्या सेवेसाठी निर्वेधपणे परीक्षेस बसू शकेल. कमी गुणांमुळे 'आता सरकारी नोकरी नाही' अशी समजूत करून घेऊन बसलेल्या मुलांना हे कोणी सांगत नाही.

आता पदवीकडे वळू. ती कोणाची, आणि कशी मिळविलेली, हा प्रश्न घरोघरी जितका दुर्लक्षिला जातो तितकाच तो पुढे नडतो. कामावर असलेल्या माणसाने टपालाने किंवा अभ्यासकेंद्रातून अभियांत्रिकीची पदवी घ्यावयाची, अशी सोय या शतकाच्या आरंभी काही अभिमत विद्यापीठांनी काढली होती. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता त्यांनी घेतलेली नव्हती. 3 नोव्हेंबर 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या पदव्यांवर आघात केला. 2001 ते 2005 या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित करून त्यांना परिषदेच्या परीक्षेची संधी देण्यात आली. त्यानंतरच्या प्रवेशांच्या पदव्या रद्दच झाल्या. ज्यांनी त्या पदवीवर बढती घेतली होती, त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. न्यायालयाचे म्हणणे तर्काला धरून होते, यात शंका नाही. लोखंड न पाहता यंत्रशास्त्र शिकता येत नाही. पण शिक्षा भोगली ती मुख्यतः विद्यार्थ्यांनी, हेही खरे.

याहून मनाला लागणारी गोष्ट 'ए.एम.आय.ई.'ची आहे. कलकत्त्यास मुख्यालय असलेली 'इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स' ही संस्था 1920 साली स्थापन झाली आणि 1935 साली तिला राजसनद मिळाली. तिच्या परीक्षेचे 'अ' व 'ब' हे दोन विभाग जो उत्तीर्ण होईल, तो पदवीधराच्या बरोबरीचा मानला जाई. कॉलेजात चार वर्षे घालविणे ज्यांच्या ऐपतीत नव्हते, अशा पदविकाधारकांचा हा जिना होता. दिवसा पाळी करावयाची आणि रात्री पुस्तक उघडावयाचे. केंद्र सरकारने ही समकक्षता 31 मे 2013 पर्यंत नावनोंदणी केलेल्यांपुरतीच ठेवली आहे. त्यानंतर नाव घालणाऱ्यास परीक्षा देता येते, ज्ञान मिळते. पण सरकारी नोकरीसाठी ती पदवीच्या तोलाची धरली जात नाही. आजही कारखान्यांतून एखादा वडीलधारा फोरमन आपल्या अनुभवावरून तरुणास ए.एम.आय.ई. करण्याचा सल्ला देतो. सल्ला प्रेमाचा असतो. त्याची मुदत मात्र संपलेली असते.

रेल्वेच्या बाबतीतही दारे अशीच मिटली आणि उघडली. बिहारातील जमालपूरच्या कर्मशाळेत बारावीनंतरच मुलांना घेऊन यांत्रिक अधिकारी घडविण्याची पद्धत 1927पासून होती. ती गेल्या दशकात बंद झाली. पुढे 24 डिसेंबर 2019 रोजी मंत्रिमंडळाने रेल्वेच्या आठ सेवा एकत्र करण्याचे ठरविल्यावर अभियांत्रिकी सेवा परीक्षेतून रेल्वेत जाण्याची वाट काही वर्षे खुंटली, आणि 2025च्या परीक्षेपासून ती पुन्हा मोकळी झाली. म्हणून ऐकीव माहितीवर विसंबू नये, त्या त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी. तीत 'आवश्यक अर्हता' आणि 'वांछनीय अर्हता' असे दोन निराळे मथळे असतात. वय कोणत्या तारखेस मोजले जाईल, हेही तीतच दिलेले असते. अभियांत्रिकी सेवा परीक्षेसाठी ती तारीख परीक्षेच्या वर्षाची 1 जानेवारी होय. पदवीच्या शेवटच्या वर्षात असलेल्यासही या परीक्षेचा अर्ज करता येतो. उत्तीर्ण झाल्याचा पुरावा मागाहून द्यावयाचा असतो.

परीक्षेचे स्वरूप थोडक्यात सांगतो. 2017पासून अभियांत्रिकी सेवा परीक्षा तीन टप्प्यांत होते. पूर्वपरीक्षा 500 गुणांची व पर्यायी उत्तरांची असते. तीत 200 गुण सामान्य अध्ययन व अभियांत्रिकी कल यांना आणि 300 गुण आपल्या विषयाला. चुकीच्या उत्तरास एकतृतीयांश गुण कापले जातात. मुख्य परीक्षेत आपल्याच विषयाच्या प्रत्येकी 300 गुणांच्या दोन लेखी उत्तरपत्रिका, आणि अखेरीस 200 गुणांची मुलाखत. दुसरी परीक्षा 'गेट'. तीन तास, 65 प्रश्न, 100 गुण. त्यांतले 15 सामान्य कलाचे, यांत्रिकीच्या उमेदवारास 13 गणिताचे, उरलेले 72 विषयाचे. तिला वयाची अट नाही, आणि तिचा गुणांक तीन वर्षे चालतो. अनेक सरकारी कंपन्या याच गुणांकावर मुलाखतीस बोलावितात. सेलने मात्र कधी गेटचा आधार घेतला आहे, तर कधी आपली स्वतंत्र परीक्षा घेतली आहे. पदविकाधारकांसाठी कर्मचारी निवड आयोगाच्या व रेल्वेच्या कनिष्ठ अभियंता पदाच्या परीक्षा आहेत. 1961च्या कायद्याखाली मिळणारी शिकाऊ उमेदवारी हीही चांगली संधी आहे, पण तिच्यामुळे नोकरीचा हक्क उत्पन्न होतो, असे मात्र नाही.

या परीक्षांचा अभ्यास कसा करावा, याची पुस्तके ढिगाने मिळतात; मला सांगावयाचे आहे ते थोडे वेगळे. अभ्यासक्रमात पाणी, वाफ व वायू यांच्या प्रवाहाचे शास्त्र असते. त्यातील अगदी पहिल्या धड्यात विद्यार्थी शिकतो की, एक मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ सुमारे 9.8 किलोपास्कल दाब देतो. गुण एक किंवा दोन. विद्यार्थी उत्तरावर खूण करतो आणि पुढे सरकतो. आता भिलाईकडे पाहा. झोतभट्टीतून निघणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण मोठे असते. त्यास रंग नाही, वास नाही. तो धुऊन शुद्ध करण्यास पाणी लागते, आणि पुष्कळ ठिकाणी त्याची वाट अडवून धरणारी भिंतही पाण्याचीच असते. पाण्याचा दाब वायूच्या दाबाहून अधिक आहे तोवर सारे ठीक. 12 जून 2014 रोजी भिलाईच्या एका पंपगृहात बिघाड झाला, पाण्याचा दाब घटला, आणि विषारी वायू पाण्याच्याच वाटेने पंपगृहात शिरला. सहाजण मृत्युमुखी पडले. त्यांत दोघे उपमहाव्यवस्थापकाच्या हुद्द्याचे अधिकारी होते.

परीक्षेतील तो एका गुणाचा प्रश्न आणि हे पंपगृह यांच्यात शास्त्राच्या दृष्टीने काहीच अंतर नाही. म्हणून तयारी करणाऱ्याने सूत्र पाठ करण्याआधी ते कोणत्या नळीत, कोणत्या पंपात, कोणत्या बेअरिंगमध्ये राबते आहे, हे एकदा तरी पाहून घ्यावे. शिकवणीवर्गांत तीन-तीन वर्षे घालवूनही पंपाचे झाकण कधी उघडून न पाहिलेले तरुण मुलाखतीपर्यंत पोहोचतात, आणि तेथे एखादा जुना अभियंता त्यांना सहज विचारतो, की पंप चालू आहे, पण पाणी येत नाही. तुम्ही प्रथम काय पाहाल? पंपात पाणी भरलेले आहे का, शोषणनळीतून हवा शिरते का, मोटर उलटी फिरते का, अशी उत्तरे गावातला विहिरीवरचा पंप दुरुस्त करणाराही देईल. पुष्कळदा शेतकऱ्याचा मुलगा या प्रश्नात शहरातल्या मुलाला मागे टाकतो.

निवड झाली तरी वैद्यकीय तपासणी उरतेच. रेल्वेसारख्या सेवांत रंगांधळेपणा काही पदांना बाधक ठरतो, तेव्हा डोळे आधीच तपासून घेतलेले बरे. तीन वर्षांच्या श्रमानंतर हे कळणे फार क्लेशदायक असते. सेलमध्ये निवडलेला तांत्रिक प्रशिक्षणार्थी एक वर्ष शिकतो आणि नंतर सहाय्यक व्यवस्थापक होतो. भिलाईत पाळ्या तीन आहेत : सकाळी सहाची, दुपारी दोनची आणि रात्री दहाची. नव्या अधिकाऱ्यास तिन्ही कराव्या लागतात, आणि रात्रपाळीत यंत्र बंद पडले, तर आधी त्यालाच बोलावले जाते.