घरच्या मैदानावरचे पाहुणे : एफसी गोवाचा २०२०–२१ चा हंगाम

२०१४ साली स्थापन झालेला एफसी गोवा हा इंडियन सुपर लीगमधला गोव्याचा संघ. राज्याचा प्राणी असलेला गवा त्याच्या बोधचिन्हावर आहे आणि फातोर्ड्याचे पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम हे त्याचे घरचे मैदान. करोनाच्या साथीत संपूर्ण लीग गोव्यात भरली. तरीही या हंगामात एफसी गोवाला घरच्या संघाचा कोणताही फायदा मिळाला नाही.

साथ येण्यापूर्वी संघ शिखरावर होता. फेब्रुवारी २०२० मध्ये जमशेदपूरला ५–० असे हरवून त्याने साखळीतले पहिले स्थान नक्की केले. आशियाई क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेच्या, म्हणजे एएफसी चॅम्पियन्स लीगच्या, गटसाखळीत पोहोचणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. ७ मार्चला मात्र उपांत्य फेरीत चेन्नईयिनने दोन लढतींत मिळून ६–५ अशी मात केली. अंतिम सामना १४ मार्चला फातोर्ड्यालाच झाला, पण तोवर साथीची चाहूल लागली होती. तो प्रेक्षकांविना खेळवण्यात आला. दहा-अकरा दिवसांतच देशभर टाळेबंदी लागली.

संघाची फेरबांधणी याच काळात करावी लागली. प्रशिक्षक सर्हिओ लोबेरा यांना जानेवारीच्या अखेरीस दूर केल्यावर क्लिफर्ड मिरांडा यांनी हंगामाचा शेवट सांभाळला होता. एप्रिलअखेर स्पेनचे हुआन फेर्रांदो यांची नेमणूक जाहीर झाली. हुकमी गोलवीर फेरान कोरोमिनास संघातून गेला. ह्यूगो बूमूस, अहमद जाहू, मुर्तदा फॉल आणि गोव्याचाच मंदार राव देसाई हे मुंबई सिटीत दाखल झाले आणि लोबेराही पुढे तिथेच प्रशिक्षक झाले. गोव्याने इगोर अँगुलो, होर्हे ऑर्टिझ, अल्बेर्तो नोगेरा व इव्हान गोन्झालेझ हे स्पॅनिश खेळाडू आणि ऑस्ट्रेलियाचा बचावपटू जेम्स डोनाकी यांना घेतले. जुन्या परदेशी खेळाडूंपैकी एदू बेदिया राहिला आणि कर्णधार झाला. म्हणजे नवा प्रशिक्षक, नवी आघाडी, नवा बचाव आणि एकत्र सरावाला मात्र नेहमीपेक्षा कमी वेळ.

अकरा संघांना शहराशहरांतून फिरवणे धोक्याचे असल्याने सगळे सामने गोव्यात घेण्याचे ठरले. फातोर्डा, बांबोळीचे जीएमसी अॅथलेटिक स्टेडियम आणि वास्कोचे टिळक मैदान अशी तीन मैदाने निवडली गेली. प्रत्येक संघ आपापल्या हॉटेलात ‘बायो-बबल’मध्ये, म्हणजे बाहेरच्यांशी संपर्क तोडलेल्या वर्तुळात, राहू लागला. आत येण्याआधी विलगीकरण, नंतर ठरावीक काळाने आरटी-पीसीआर चाचण्या, आणि हॉटेल, सरावाचे मैदान व स्टेडियम एवढीच ये-जा. हीच बंधने गोव्याच्या खेळाडूंनाही होती. ब्रँडन फर्नांडिस किंवा सेरिटन फर्नांडिस यांची घरे याच राज्यात होती, पण घरी जाण्याची मुभा नव्हती. सामने थोड्या अंतराने होत असल्याने एका सामन्यात पाच बदली खेळाडू उतरवण्याची सवलत देण्यात आली.

लीग २० नोव्हेंबर २०२० ला बांबोळीत सुरू झाली. दोन दिवसांनी गोव्याने बंगळुरूविरुद्ध ०–२ अशा पिछाडीवरून २–२ अशी बरोबरी साधली. दोन्ही गोल अँगुलोचे होते. पुढचा सामना मुंबईविरुद्ध होता. त्यात भरपाईच्या वेळेतील पेनल्टीने गोव्याला ०–१ अशी हार पत्करावी लागली. डिसेंबरमध्ये एटीके मोहन बागान आणि चेन्नईयिननेही हरवले, तेव्हा सात सामन्यांत तीन पराभव झाले होते. सरावाच्या महिन्यांत जे जुळायचे ते अशा प्रकारे सामन्यांतूनच जुळत गेले. त्यानंतरच्या तेरा साखळी सामन्यांत संघ एकदाही हरला नाही. जानेवारीत मधल्या फळीतला लेनी रॉड्रिग्ज मोहन बागानकडे गेला आणि त्याच्या जागी तिथून ग्लॅन मार्टिन्स आला. गोलरक्षक धीरज सिंगही याच सुमारास संघात आला. वीस सामन्यांत सात विजय, दहा बरोबरी, तीन पराभव आणि ३१ गुण मिळवून गोवा चौथा आला. बरोबरीत सुटलेल्या दहा सामन्यांनी त्याला वरच्या स्थानांपासून दूर ठेवले. अँगुलोने १४ गोल करून ‘गोल्डन बूट’ मिळवला.

उपांत्य फेरीत समोर लोबेरांची मुंबई होती. पहिल्या लढतीत अँगुलो आणि गोव्याचा तरुण बचावपटू सेव्हियर गामा यांनी गोल केले. मुंबईकडून बूमूस आणि फॉल या गोव्याच्याच जुन्या खेळाडूंनी ते फेडले आणि सामना २–२ असा सुटला. ८ मार्च २०२१ ची दुसरी लढत गोलशून्य राहिली. पेनल्टी शूटआउटमध्ये मुंबई ६–५ अशी जिंकली आणि पुढे विजेतीही ठरली.

गोव्याचा हंगाम इथे संपला नाही. साथीमुळे चॅम्पियन्स लीगच्या प्रत्येक गटाचे सामने एकाच ठिकाणी घेतले गेले आणि गोव्याचा ई गट फातोर्ड्याला आला. तेव्हा देशात दुसरी लाट उसळत होती. या स्पर्धेत तीन परदेशी आणि एक आशियाई खेळाडू एवढीच मर्यादा होती. त्यामुळे अँगुलोला वगळावे लागले आणि भारतीय खेळाडूंवरचा भार वाढला. १४ एप्रिलला कतारच्या अल-रय्यानशी आणि १७ एप्रिलला अमिरातीच्या अल-वहदाशी गोलशून्य बरोबरी झाली. यात धीरजच्या गोलरक्षणाचा मोठा वाटा होता. इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध बेदियाने गोल केला. चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत भारतीय क्लबाचा तो पहिलाच गोल. तो सामना १–२ असा गेला, पुढची लढत ०–४ अशी. अल-रय्यानशी पुन्हा १–१ बरोबरी आणि अल-वहदाकडून ०–२ पराभव झाल्यावर गोवा तीन गुणांसह तिसरा आला, अल-रय्यानच्या पुढे.

ऑक्टोबर २०२१ मध्ये कोलकात्यात मोहम्मेडन स्पोर्टिंगला जादा वेळेत १–० असे नमवून याच संघाने ड्युरंड कप प्रथमच जिंकला. निर्णायक गोल बेदियाचा होता. डिसेंबरमध्ये फेर्रांदो मोहन बागानकडे गेले. २०२१–२२ ची लीगही गोव्याच्या त्याच तीन मैदानांवर झाली आणि त्यात गोवा नवव्या स्थानी घसरला. संघांनी आपापल्या शहरात, प्रेक्षकांसमोर खेळण्याची जुनी पद्धत ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या हंगामापासून परतली.